तक्रार नव्हे, सूचना

मंगळवार, ५ तारीख

ही वही ताईने मला देऊन आज अडतीस दिवस झाले. देताना म्हणाली होती, "रोज चार ओळी लिही, डोकं ठिकाणावर राहील." अडतीस दिवसांत चार ओळीही लिहिल्या नाहीत आणि डोकंही ठिकाणावर नाही, म्हणजे तिचं म्हणणं खरंच निघालं. पहिल्या आठवड्यात पेन सापडत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात पेन सापडलं, तर वही पलंगाच्या मोडक्या पायाखाली टेकू म्हणून गेलेली. मीच घातली होती. नंतर काय लिहायचं ते सुचेना. आज लिहितोय, कारण इतका वैतागलोय की कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, आणि ताईला सांगितलं तर ती वर दोन कामं लावील.

क्रमाने लिहितो. दोन वर्षं मी भटकत होतो. बोटीवर भांडी घासली, सर्कशीत तंबूचे खुंट ठोकले, मध्ये काही दिवस मध विकला. (मधाची गोष्ट मोठी आहे, नंतर.) मग आठ दिवस ताईकडे राहावं आणि पुढे सटकावं म्हणून इथे आलो. दार उघडं. ताई शिलाई मशीनवर बसलेली आणि भावोजींची खुर्ची रिकामी.

भावोजी घड्याळजी. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान: एक टेबल, एक भिंग, भिंतीवर दुरुस्तीला आलेली सतरा घड्याळं. सतराही बंद होती, कारण चावी देणारा माणूस नव्हता.

"नेलं त्यांना," ताई म्हणाली.

कुणी? साध्या कपड्यांतल्या चौघांनी. कशासाठी? सांगितलं नाही. कुठे? सांगितलं नाही. याला आता पाच महिने होतील. चौकीवाले म्हणतात तुरुंगात विचारा, तुरुंगवाले म्हणतात चौकीत विचारा. ताई दर सोमवारी दोन्हीकडे जाऊन येते आणि उरलेले दिवस मशीन चालवते. तिला असं टाकून कसा निघणार? म्हणून अडकलोय. तिनेच ओळखीने नोकरीही लावून दिली. त्या नोकरीबद्दल लिहायला घेतलं तर वही पुरणार नाही.

दारात भावोजींची एकच चप्पल पडलेली असते, डाव्या पायाची. येता-जाता मी तिला ठेचकाळतो. आज सकाळी जिन्यावरून पडता पडता वाचलो. म्हटलं, "ही टाकून तरी दे, नाहीतर जोडीची शोधून जागेवर तरी ठेव." ताईने अशी नजर टाकली की मी खाली रस्त्यावर येऊनच श्वास घेतला. एवढ्या टापटिपीची बाई, आणि दारात हा अडथळा!

गुरुवार, ७ तारीख

नोकरीबद्दल.

देशाची नवी राज्यघटना होतेय हे मलाही माहीत होतं. सर्कशीत त्यावर बोलायचे, विशेषतः विदूषक. घटना लिहून जवळजवळ झालीय. सरकार कसं चालणार, कोण कुणाला निवडणार, सगळं आलं. गाडी अडलीय एकाच जागी: शेवटी माणसांच्या हक्कांची यादी जोडायची की नाही. म्हणजे सरकारला कितीही राग आला तरी त्याने जे करायचंच नाही, त्याची यादी. अर्धे सभासद म्हणतात यादी हवीच. अर्धे म्हणतात यादीने घोळ होईल. तीन महिने हेच दळण.

सभा भरते जुन्या नाट्यगृहात, कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागा नाही. मी बसतो मागे, नट तोंडं रंगवायचे त्या खोलीत. चारी बाजूंना आरसे. वैतागलेला मी एक असतो आणि दिसतात नऊ.

पहिल्याच आठवड्यात, अंगात जोर होता तेव्हा, सभेने एकमताने ठराव केला की लोकांनी यादीबद्दल सूचना पाठवाव्यात आणि आलेली प्रत्येक सूचना सभागृहात मोठ्याने वाचली जाईल. प्रत्येक! आता सगळ्यांना पश्चात्ताप होतोय. पण ठराव फिरवायला दोन तृतीयांश मतं लागतात, आणि या लोकांचं पंखा चालू ठेवायचा की बंद यावरही दोन तृतीयांश होत नाही.

म्हणून आमचं खातं. तीन पोती: सूचना, तक्रार, इतर. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे पाठीमागे टाचणी म्हणतात (कोटाच्या कॉलरला एका ओळीत सोळा टाचण्या, मी मोजल्यात), त्यांनी पहिल्या दिवशी मला धडा दिला.

"सूचना सगळ्यांबद्दल असते. तक्रार स्वतःबद्दल असते. 'माझ्या भावाला मारलं', तक्रार. 'कुणालाही मारू नये', सूचना. कळलं?"

"आणि 'माझ्या भावाला मारलं तसं कुणालाही मारू नये'?"

टाचणीसाहेबांनी छताकडे बघितलं. "तक्रार. रॉकेलचा एक थेंब पडला की सगळं दूध गेलं."

सूचना पुढे सभागृहात जातात. तक्रारी जिन्याखालच्या खोलीत. त्या खोलीची किल्ली हरवलीय, म्हणून पोती वरच्या झरोक्यातून आत लोटतात. आत किती आहेत कुणालाच माहीत नाही. परवा लोटलेलं पोतं निम्मं बाहेरच राहिलं.

आणि आज त्या ढिगात ताईचं पत्र निघालं. अक्षर बघूनच ओळखलं. माझे पती, व्यवसाय घड्याळ दुरुस्ती, अमुक तारखेला, वगैरे. मी तीनदा वाचलं. टाचणी पाठीमागे उभे. नियमाने ती तक्रार होती. मी ती तक्रारीच्या पोत्यात टाकली.

संध्याकाळी ताईला सांगूनच टाकलं. वाटलं आता कात्री फेकून मारणार. पण ती सुईत दोरा ओवत बसली.

"नाव लिहिलेलं चालत नाही?"

"नाही."

"तारीख?"

"नाही."

"आणि पत्ता?"

"पत्ता लागतोच. पाकिटामागे पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर सूचना बाद."

"म्हणजे 'प्रत्येक माणसाला' अशी सुरुवात केली तर?"

"तर बसते."

"आणि कितीही आल्या तरी वाचतात?"

"हो गं बाई, प्रत्येक! आता जेवायला वाढशील का?"

एवढ्या चौकशा कशाला हव्यात हिला? नोकरी मी करतोय.

शनिवार, ९ तारीख

ट्रकवाला दोस्त भेटला. बंदराकडे जातोय, दोन आठवड्यांनी, शनिवारी पहाटे सहाला. जागा आहे म्हणाला. मी हो म्हटलं. ताईला अजून सांगितलं नाही. मधाची गोष्ट आजही राहिली.

मंगळवार, १२ तारीख

आज गठ्ठा घेऊन रंगमंचाच्या कडेला उभा राहिलो, वाद ऐकला.

यादीच्या विरोधकांचे पुढारी म्हणजे वकीलसाहेब. सत्तरीचे, काडीसारखे, आवाज इतका हळू की ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प बसावंच लागतं. चलाखी आहे, पण चालते. ते म्हणाले, "सरकारला आपण जे अधिकार दिलेलेच नाहीत, ते वापरू नकोस असं लिहायचं कशाला? आणि दहा हक्क लिहिलेत तर उद्या एखादा म्हणेल, अकरावा लिहिला नाही, म्हणजे तो नाहीच. तुम्ही कुंपण घालताय, पण बाहेर किती जमीन सोडताय ते बघा."

मला पटलं.

मग मास्तरीणबाई उठल्या. मला नोकरी लावली ती यांनीच. ताई त्यांचे कोट शिवते. म्हणाल्या, "चाळीस वर्षं शाळेत काढली. नियम फळ्यावर लिहिलेले नसले की मास्तराची लहर हाच नियम होतो. अपुरे असू देत, पण फळ्यावर असू देत."

मला हेही पटलं. माझं हे असंच होतं, म्हणून मी सभासद नाही.

वकीलसाहेब तितक्याच हळू म्हणाले, "बाई, आपल्याकडे अशी लहर कुणी चालवलेली नाही. कारण न सांगता उचललेला या शहरातला एक माणूस मला दाखवा. एकच दाखवा. ऐकीव गोष्टी नकोत, पत्ता द्या."

मी तिथून पाच हातांवर होतो. जिन्याखालची खोली भरून ओसंडतेय हे मला माहीत होतं. तोंड उघडलं नाही. आम्हा शिपायांना तिथे बोलायला बंदी आहे, हे एक कारण. दुसरं कारण लिहीत नाही.

तेवढ्यात घड्याळावरून जुंपली. रंगमंचावरचं मोठं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटांवर कधीचं थांबलंय. प्रत्येकाला बोलायला दहा मिनिटं, आणि ती मोजायची अध्यक्षांच्या मनगटावर. रोज कुणीतरी ओरडतो, माझी दोन मिनिटं खाल्ली! आज पाऊण तास खाल्लेल्या मिनिटांवरच गेला.

टाचणी माझ्यापाशी करवादले, "घड्याळजीला चार चिठ्ठ्या पाठवल्यात. उत्तर नाही. काय माज असतो एकेकाला!"

"साहेब, तो माझा भावोजी. सरकारच्या माणसांनी नेलाय त्याला."

त्यांनी कॉलरची एक टाचणी काढून परत खोवली. मग, "लेखी आहे का?"

"काय?"

"नेल्याचं."

"नाही."

"मग गैरहजर अशीच नोंद करावी लागेल."

शुक्रवार, १५ तारीख

हात दुखतोय. पूर्वी आठवड्याला दहा-बारा सूचना यायच्या, त्यातल्या निम्म्या कवितेत. काल पन्नास आल्या. आज नव्वद. नव्वदच्या नव्वद 'प्रत्येक माणसाला' नाहीतर 'कोणत्याही माणसाला' अशा सुरू होतात. कुठे नाव नाही, तारीख नाही, मागे पत्ता व्यवस्थित. एक तक्रारीत टाकता येईल तर शपथ! टाचणी भिंग लावून बसले, त्यांनाही रॉकेलचा थेंब सापडला नाही.

आणि सूचना तरी कसल्या? काही उतरवून ठेवतो:

'कोणत्याही घरात शिरताना आधी दार वाजवावे व उघडेपर्यंत थांबावे.'

'प्रत्येक माणसाला नेताना त्याचा चष्मा त्याच्याजवळ राहू द्यावा.'

'कोणताही माणूस कुठे ठेवला आहे हे त्याच्या आईला सांगावे. आई बहिरी असल्यास लिहून सांगावे.'

घटनेत असं लिहितात का? आईच्या कानांचं काय काम तिथे? शिवाय कागद सगळा एकच, तपकिरी, पातळ, कडेला खडूच्या रेघा. बाजारात सध्या हाच स्वस्त मिळत असावा.

घरी आलो तर तिथे वेगळाच ताप. पुढच्या खोलीत बायकांचा बाजार. इस्त्रीवाली, बेकरीवाली, हॉस्पिटलातल्या दोघी नर्स, शिवाय मी कधी न पाहिलेल्या आठ-दहा. शिवायला टाकायला आल्यात म्हणे. एकीच्याही हातात कापड नाही! भावोजींच्या टेबलावर कोपरं टेकून बसल्यात, आणि मशीन मुकं. मास्तरीणबाईंचा कोट बाहीशिवाय लटकतोय. ताईच्या बोटांना शाई. बेकरीवाली मला बघून म्हणाली, "आले गं आपले पोस्टमास्तर," आणि सगळ्या खिदळल्या. मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो.

वर ताईचा हुकूम: "उद्या येताना मापं काढायचा कागद आण. संपला."

कापड कापत नाही, शिवत नाही, मग कागद संपतो कसा? या बाईचा धंदा बसणार.

मंगळवार, १९ तारीख

तीन दिवस सभागृहात दुसरं काही नाही, फक्त वाचन. वाचणारे कारकून तीन, आळीपाळीने, घसे बसलेले. सभासद जांभया देतायत, एक तर चक्क मोजे बदलत होता. ठराव आपणच केलाय, मग ऐका की लेको! मला जरा मजा वाटली.

दोनशे चौदावी सूचना वाचली आणि सगळं नाट्यगृह हसलं. लिहून ठेवतो: 'कोणत्याही माणसाला, तो जेवत असला तरी, ताटावरून उठवून न्यायचे झाल्यास त्याला दोन्ही चपला घालण्याची सवड द्यावी.'

मागून कुणीतरी ओरडलं, "आणि मोज्यांचं काय?" मोजेवालाही हसला. मीही हसलो. चपलांचा हक्क! उद्या छत्रीचाही मागतील.

एकटे वकीलसाहेब हसले नाहीत. उठले आणि म्हणाले, "परत वाचा."

कारकुनाने परत वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही, कंटाळले असावेत. वकीलसाहेबांनी खिशातून कागद काढून काहीतरी लिहून घेतलं. म्हातारपणी माणसाला कशाचं काय वाटेल सांगता येत नाही.

घरी जेवताना ताईला गंमत म्हणून सांगितलं. "हसले?" तिने विचारलं. "छप्पर उडेल इतके," मी म्हटलं. ती उठून गेली. तिच्या ताटात तिने निम्मं टाकलं. हल्ली तिला कशाचंच हसू येत नाही.

बुधवार, २० तारीख

टाचणींनी दार लावून घेतलं आणि पन्नास सूचना खेळायच्या पत्त्यांसारख्या टेबलावर पसरल्या.

"सगळा एकच कागद कसा?"

"गरिबांचा कागद आहे, साहेब."

"हे कुणीतरी बसून लिहून घेतंय. तुला काही माहीत?"

"आईची शपथ, काही नाही."

खरंच माहीत नाही. तरी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला चोरट्यासारखं झालं. मग त्यांनी एक सूचना उचलली, चष्म्याची, आणि स्वतःचा चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "माझ्या मेव्हण्याचा राहिला होता घरी." आणि लगेच, "जा, कामाला लाग." मेव्हण्याचा काय संबंध, विचारायचं राहिलं.

शनिवारी ट्रक. ताईला शुक्रवारी सांगेन, मतदान झाल्यावर.

शुक्रवार, २२ तारीख

यादी मंजूर झाली. तीन मतांनी. पहिल्या क्रमांकाचं कलम असं: कोणत्याही माणसाला कारण सांगितल्याशिवाय अटकेत ठेवता येणार नाही, आणि तो कुठे आहे हे त्याच्या घरच्यांना कळवलं जाईल. वकीलसाहेबांनी विरोधातच हात वर केला. सगळ्यांत शेवटी. अध्यक्षांना दोनदा विचारावं लागलं.

मी गठ्ठे तिथेच टाकून उड्या मारत घरी निघणार होतो. तेवढ्यात एकाने साधाच प्रश्न विचारला: हे लागू कधीपासून? अध्यक्ष म्हणाले, घटनेबरोबर. पुढच्या वर्षी. आणि आज जे आत आहेत त्यांचं? अध्यक्ष म्हणाले, "यादी पुढच्यांसाठी आहे. मागचं उकरत बसलो तर घटना कधी सुरू होणार?" हात मोजायचीही गरज पडली नाही. सगळ्यांना जेवायला जायचं होतं.

तीन महिने! दोन-दोन मिनिटांसाठी एकमेकांचे गळे धरले, पंख्यावर भांडले, आणि खरा प्रश्न आला तेव्हा भूक लागली!

घरी पुढच्या खोलीत सगळ्या बायका बसल्या होत्या. मी दारातूनच सांगितलं. आधी पहिला भाग. बेकरीवालीने ताईला मिठीच मारली. मग दुसरा भाग.

"म्हणजे कधी?" ताईने विचारलं.

"पुढच्या वर्षी. आणि नव्यांनाच."

एकेक जण उठली. इस्त्रीवाली जाताना टेबलावरचे उरलेले तपकिरी कागद सरळ करून, एकावर एक नीट ठेवून गेली. ते कागद मी बघितले. बघतच राहिलो. खडूच्या रेघा. माझ्यासारखा आंधळा शोधून सापडणार नाही.

"ताई, ते तू..."

ती ऐकतच नव्हती. दारात खाली बसली होती. ती चप्पल तिने उचलली, पदराने पुसली आणि जिथे होती तिथेच परत ठेवली, तशीच थोडी तिरकी.

"हिची जोडी कुठंय?" मी विचारलं. इतक्या दिवसांत नीट विचारलं नव्हतं.

"त्यांच्या पायात," ताई म्हणाली. "एकच घालू दिली."

सभागृह हसलं तेव्हा मीही हसलो होतो, हे मी वर लिहून ठेवलंय. खोडावंसं वाटलं. खोडत नाही.

रविवार, २४ तारीख

ट्रक काल गेला. जाग आली नाही असं दोस्ताला सांगणार आहे. पहाटे चारपासून जागा होतो. जिन्याखालच्या त्या झरोक्यातून माणूस आत शिरेल का, याचा विचार करत होतो. मी सर्कशीत होतो, शिरेल. पण पत्रं बाहेर काढून ती द्यायची कुणाला? सगळं तिथेच येऊन अडतं.

मग उगाच बसवेना, म्हणून भावोजींच्या भिंतीवरच्या घड्याळांना चाव्या दिल्या. सतरापैकी चौदा चालू झाली. चौदाही वेगवेगळी वेळ दाखवतायत आणि टकटकीने डोकं उठलंय. ताई मला रागवेल वाटलं होतं. ती मशीनवर बसली, मास्तरीणबाईंच्या कोटाला बाही लावायला घेतली. एक लावली. दुसरी उलटी लावली आणि उसवत बसली.

जिन्यावर पावलं वाजतायत. रविवारी दुपारी कोण? बायका असत्या तर आवाज आधी आला असता. हा माणूस प्रत्येक पायरीवर थांबतोय.

दार उघडून परत आलो, उभ्यानेच लिहितोय. वकीलसाहेब आलेत. तेच, यादीला शेवटपर्यंत विरोध करणारे. एकटेच आहेत, धापा टाकतायत. एका हातात कोरी फाइल, दुसऱ्या हातात तपकिरी कागद. "दोनशे चौदा नंबरची सूचना याच पत्त्यावरून आली ना?" एवढंच विचारलं, तेही इतकं हळू की घड्याळांच्या टकटकीत नीट ऐकू आलं नाही. मी या म्हटलं. ते आत आले नाहीत. खाली वाकून त्या चपलेकडे बघतायत. ताई आतून विचारतेय, कोण आलंय.